सायवनचं लग्न, फुटलेली लेन्स आणि माझा हौशी विमा

डहाणूला जायचं ठरलं आणि घरात पहिली वादावादी झाली ती कॅमेऱ्याच्या विम्यावरून. २०१८ चा मार्च संपत आला होता, नाशिकमध्ये उन्हाने डोकं उठवलं होतं, आणि मला समुद्र हवा होता. आमचे हे म्हणाले, "चल, पण तो कॅमेरा सांभाळायची जबाबदारी माझी नाही." कॅमेरा माझ्या भिशीतला. त्यावरची झूम लेन्स तर दोन वर्षं भिशी लावून घेतलेली. ती गेली तर तशी पुन्हा घ्यायची माझी ऐपत नव्हती, म्हणजे निदान चार-पाच वर्षं तरी नव्हती. म्हणून मी माझा मामेभाऊ हेमंत, जो विम्याची कामं करतो, त्याला जेवायलाच बोलावलं.

"ताई, तुझ्या घराच्या विम्यात कॅमेरा आहे," त्याने आमटी भुरकत सांगितलं. "पण उंबऱ्याच्या आत. चोरी झाली, आग लागली, तर मिळेल. गळ्यात अडकवून बाहेर पडलीस की विषय संपला."

"मग मी काय घरात बसून दिवाणाचे फोटो काढू?"

त्यावर त्याने जे समजावलं ते तुमच्यासाठीही लिहून ठेवते, कारण दुकानदार हे सांगत नाहीत. प्रवासासाठी वेगळा विमा लागतो, ज्यात वस्तू कुठेही असली तरी धरली जाते. त्यात हातातून पडून फुटणं येतं का, हे आधी विचारा. काहींमध्ये फक्त चोरीच असते. बंद गाडीतून, पण सीटवरून चोरीला गेली तर बरेचदा काहीच मिळत नाही, डिकीत कुलूप लावून ठेवली असेल तर मिळू शकतं. प्रत्येक लेन्सचा नंबर पॉलिसीवर वेगळा लिहून घ्या. आणि नुकसानीतला पहिला थोडा हिस्सा आपल्याच खिशातून जातो, तो किती ते सही करण्याआधी बघा, नंतर नाही.

शेवटी हेमंतने विचारलं, "हौशी लिहू की व्यावसायिक? व्यावसायिकचा हप्ता बराच जास्त आहे. आणि हौशी घेतलंस तर पैसे घेऊन केलेल्या कामात काही झालं तर मिळणार नाही."

मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी उत्तर दिलं. "हौशीच लिही रे! हिला कोण पैसे देतंय?" दोघं हसले. मीही हसले. खरंच होतं ते, वीस वर्षं फोटो काढतेय, कोणी चहा पाजला असेल तेवढाच.

सकाळी लवकर निघालो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा आणि चारोटी असा रस्ता. घाट सुंदर, पण जव्हारच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याला खड्डे इतके की ह्यांच्या तोंडाचा पट्टा कासा येईपर्यंत थांबला नाही. पाच तास धरून चाला. चारोटीच्या नाक्यावर हायवेची सगळी गर्दी, ट्रक आणि हॉटेलं. तिथे ताडगोळे घेतले. भट्टीसारख्या गरम हवेत ते गार, लुसलुशीत ताडगोळे खाताना ह्यांचा खड्ड्यांवरचा रागही गेला.

डहाणूत आम्ही एका चिकूच्या वाडीत उतरलो. दोन खोल्या, ओसरी, बाहेर झाडाखाली बाज. राहणं-जेवण धरून मुंबईकडच्या एका रिसॉर्टच्या निम्म्यात काम होतं, पण आधी फोन करून जा. वाडीचं सगळं बघायची ती रमीला, चाळिशीची, बोलकी, मालकाशी गुजरातीत आणि आमच्याशी मराठीत एका दमात बोलणारी. संध्याकाळी जवळच्या आगर गावी जाऊन किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांचे फोटो काढले. रात्री रमीलाने तांदळाची भाकरी आणि तळलेले ओले बोंबील वाढले. एवढे ताजे बोंबील मी आयुष्यात खाल्ले नव्हते, आणि तसं तिला सांगितलंही.

त्यावर ती खूश झाली आणि म्हणाली, "ताई, उद्या माझे भाचीचा लगीन हाय, सायवनला. चला ना. तुम्हाला फोटू पन भेटतील."

आंधळा मागतो एक डोळा असं काहीसं झालं माझं. सकाळी तिला गाडीत घेऊन निघालो. सायवन आत डोंगराकडे, कासावरून वर. भातशेतं कापून मोकळी पडलेली, पळसाला शेवटची फुलं. पाड्यावर पोचलो तर मांडव घातलेला, सारवलेलं अंगण, आणि नवरीचे वडील देवजीभाऊ फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते. तलासरीहून येणारा फोटोवाला येत नव्हता. त्याने एकाच दिवशी दोन लग्नं घेतली होती आणि हे लग्न सोडलं होतं.

देवजीभाऊंची नजर माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर गेली. त्यांनी रमीलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाय, फोटोवाला नाय आला. पोरीचा लगीन, याद काय ऱ्हायेल आमचेकडे?"

"मी काढते की," मी म्हटलं. एवढा आनंद मला खूप दिवसांत झाला नव्हता.

मग दिवसभर मी धावले. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला चौक, त्यासमोर बसून लग्नाची गाणी म्हणणारी धवलेरी, म्हणजे त्यांच्यात लग्न लावणारी बाई, आणि लाजून खाली बघणारी नवरी, जशोदा. हळदीला मी जवळ गेले तर बायकांनी मला सोडलं नाही. पाहुणीला हळद लावल्याशिवाय कसं चालेल? तेल घातलेली हळद, गालाला, हातांना, अगदी कोपरापर्यंत. मी हसत होते, त्या हसत होत्या, आणि त्या तेलकट हातांनी मी झूम फिरवायला गेले. हळदीसाठी गळ्यातून काढलेला कॅमेरा पट्ट्यासकट निसटला आणि ओट्याच्या दगडी कडेवर आपटला.

मी झटकन उचलला. कॅमेरा वाचला होता, पण लेन्सच्या पुढच्या काचेला तडा आणि कडं वाकडं, फिरेना. जशोदाच्या एका मावशीने तर तोंडात पदर घातला. ह्यांनी येऊन लेन्स हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि रुमालात गुंडाळली.

पिशवीत छोटी साधी लेन्स होती. हात राखेने घासून धुतले, ती लावली आणि लग्न संपवलं. झूम नव्हता, म्हणून प्रत्येक माणसाच्या अगदी जवळ जावं लागलं. मधेच टेकाडावर जाऊन, जिथे फोनला रेंज होती, विमा कंपनीला कळवलं. हेमंतने बजावलं होतं, कळवायला उशीर करू नकोस. तुम्हीही करू नका.

निघताना देवजीभाऊंनी मला भिंतीशी बोलावलं. एक लुगडं, नारळ आणि पाकीट. मी पाकीट परत केलं. त्यांनी ते माझ्या हातात दाबलं. "घे बाय. माझे पोरीचे लगनात कोनी फुकट राबला, असा गाव बोलेल. तसा नाय चालायचा." आहेर समजून मी पाकीट पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या तपासनिसाचा फोन आला. मृदू बोलणारा माणूस. घटना कशी झाली, कोणी पाहिलं, असं विचारलं. मी मोठ्या विश्वासाने देवजीभाऊंचा नंबर दिला. तासाभराने पुन्हा फोन.

"मॅडम, देवजीभाऊंशी बोललो. लेन्स कशी पडली ते अगदी बरोबर सांगितलं त्यांनी. पण ते म्हणतात, बाईंना आम्ही पैसे दिले, फुकट नाही राबवलं. दोनदा सांगितलं."

मी कपाळावर हात मारला. त्या माणसाला वाटलं होतं, तो माझी बाजू भक्कम करतोय! कुठल्या तरी मोठ्या ऑफिसातून फोन आला, नाशिकची बाई कुणी ऐरीगैरी नाही, तिचं मोल आम्ही चुकतं केलंय, हे ठासून सांगायलाच हवं होतं त्याला.

"तुमची पॉलिसी हौशी आहे," तपासनीस म्हणाला. "एक करा. तुम्ही पाहुण्या होता, पैसे आहेर म्हणून दिले, काम म्हणून नाही, एवढं त्यांच्याकडून लिहून आणा. मी जोडतो. नाहीतर क्लेम बसत नाही."

ह्यांचं लगेच ठरलं. "सायवन वाटेतच आहे. एका सहीचा तर प्रश्न आहे." मलाही ते पटलं. परतीच्या दिवशी आधी हायवेने तलासरीला गेलो. तिथल्या स्टुडिओत लग्नाचे फोटो छापून घेतले, मोठ्या आकारात, एक जाड अल्बम केला. तलासरीहून उधव्याच्या बाजूने सायवनला उतरलो. रस्ता अरुंद, पण झाडीचा आणि रिकामा. वेळ असेल तर हाच घ्या.

पाड्यावर जशोदा नवऱ्याबरोबर माहेरी आली होती, सासरची चार माणसंही होती. अल्बम उघडला आणि सगळे त्यावर तुटून पडले. माझी छोटी लेन्स प्रत्येकाच्या तोंडाशी गेली होती, त्यामुळे लग्नातला एकूण एक चेहरा त्यात होता. धवलेरीचा फोटो बघून म्हातारी स्वतःच लाजली. जशोदाच्या सासऱ्याने विचारलं, "फोटोवाला कुठला आनला देवजी?"

देवजीभाऊ ताठ झाले. माझ्याकडे हात करून म्हणाले, "ही आमची फोटोवाली. नाशिकची. पुरा मोल देऊन आनलेली. काम बघा तिचा."

ह्यांनी मला कोपराने ढोसलं. बोल ना. कागद माझ्या पिशवीत होता, पेनही होतं. आणि माझे डोळे भरून आले. एवढ्या माणसांत, व्याह्यांसमोर, तुम्ही मला मोल दिलं नाही असं लिहून द्या, हे त्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगू? आणि ते खोटंही होतं. त्याने मोल दिलं होतं. मी काम केलं होतं. वीस वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं, माझ्या घरातही नाही.

चहा प्यायलो आणि निघालो. टेकाडावर रेंज आल्यावर मी तपासनिसाला फोन केला. "पैसे घेतले होते. कामाचेच होते." तो म्हणाला, "ठीक आहे मॅडम. मला वाईट वाटतं." क्लेम नाकारला गेला. मी ऐकलं आणि मला हलकं वाटलं, खरं सांगते. ह्यांनी जव्हारपर्यंत खड्ड्यांवर एक शब्द काढला नाही. मग म्हणाले, "धवलेरीचा फोटो फार चांगला आलाय, शैला." हेही त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं.

घरी येऊन आता महिना झाला. लेन्सची दुरुस्ती परवडणारी नाही, छोटीवरच काम चाललंय, आणि तिने मला माणसांच्या जवळ जायला लावलंय. रमीलाचा फोन येतो, जशोदाचाही आला. डहाणूचा समुद्र, आगरच्या होड्या, ते बोंबील, सगळं आठवतं, पण सगळ्यात जास्त त्या अंगणातल्या माणसांचे उपकार आठवतात. जाल तर मार्चमध्ये जा, विम्याचे कागद नीट वाचून जा, आणि कुणी बोलावलं तर लग्नाला नक्की जा.

काल हेमंत पॉलिसी बदलायला आला होता. मी म्हटलं, व्यावसायिक लिही.

"हप्ता वाढेल हं ताई."

"वाढू दे."

त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. हे पेपर वाचत होते, वर न बघता म्हणाले, "ती सांगतेय ना? लिही."

हेमंतने पेन उघडलं. "व्यवसाय, फोटोग्राफर. बरं. आणि अनुभव काय लिहू?"

"एक लग्न," मी म्हटलं.