खलनायकाच्या गुहेत वनिताने ठेवलेला दहीभात

मंडळी, या सदरातले अनाकलनीय अनुभव मी आजवर चहासोबत वाचायचो आणि हसून पान उलटायचो. मी यवतमाळला तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवतो. कागदावर जे काढता येत नाही त्यावर आपला विश्वास नाही, असं मुलांना वर्गात ऐकवणारा माणूस. तरीही हे एक लिहून टाकतो...

कापसाचे ते वाईट दिवस होते, दोन हजार पाच-सहाच्या आसपासचे. मारेगावकडचं एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी, त्याचं बी, वेगळं काढणारा कारखाना, बंद पडलं. माझ्या धाकट्या बहिणीचा, वनिताचा नवरा रवींद्र तिथे फिटर होता. "चंद्रपूरकडे काम पाहून येतो," म्हणून गेला तो परत आलाच नाही. फोन नाही, निरोप नाही, प्रेतही नाही. वनिता माझ्याकडे राहायला आली. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही, या विचाराने शेजारच्या बायका आमच्या दारापाशी घुटमळून पुढे जायच्या. ती एकदा मला म्हणाली, "दादा, मेले असन तर रडून घेईन. जिते असन तर भांडीन. पन कोनी मले सांगा तरी!"

तिचं मन रमावं म्हणून मी तिला आमच्या खेळात ओढलं. माझा मित्र विनोद पुण्याच्या हॉस्टेलमधून हा खेळ शिकून आला होता. एकजण गोष्ट चालवतो, आमच्यात तो मी. बाकीचे कुणी योद्धा होतात, कुणी चेटकीण. "मी दार उघडतो", "मी पळतो" असं बोलत, फासे टाकत गोष्ट पुढे नेतात. राक्षस, भुतं, खलनायक, सगळ्यांचे आवाज गोष्ट चालवणाऱ्याने काढायचे.

एका रविवारसाठी मी खलनायकाची गुहा आखली. हात आपोआप जिनिंगकडे वळला. कापसाच्या गंजीखालून जाणारं भुयार, दातेरी रूळ, सरकी गळावी तशी हाडं गाळणारी मशीन, आणि शेवटच्या खोलीत रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, ढिगात बसलेला 'पांढरा मालक'. नकाशा इतका झकास जमला की मी स्वतःवर खूश होतो. वनिताच्या मनाला हे लागेल, एवढी साधी गोष्ट मला कशी सुचली नाही, देव जाणे. एक नियमही केला होता — ढिगासमोर मालकाच्या आवडीचं काही ठेवलं, तर तो एका प्रश्नाचं खरं उत्तर देणार. आवडीचं म्हणजे ताजं रक्त, हे मी मनात ठरवून ठेवलेलं.

भर दुपार होती. शेवटच्या खोलीत पोचल्यावर विनोदने ढिगासमोर त्याची जादूची तलवार ठेवली. मी मान हलवली.

"अबे, मंग का किडनी काढून देऊ त्याले?" विनोद वैतागला.

वनिता केव्हापासून नकाशाकडे पाहत होती. ती म्हणाली, "मी दहीभात ठेवते."

आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. तिला तेच आठवलं असावं. विनोद हसला, "ताई, राक्षस आहे तो, पाव्हना नाही!"

'काहीच घडत नाही' असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून आलं —

"दही आंबट आहे वं, सरके."

आवाज माझाच होता. शब्द माझे नव्हते. वनिताचा चेहरा पांढरा पडला. नंतर तिने सांगितलं, रवींद्र तिला एकांतात 'सरकी' म्हणायचा, एवढीशी आणि टणक म्हणून. हे तिने आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

ती टेबलावरून पुढे वाकली. "अहो... कुठी आहा तुमी?"

माझी जीभ हलायला लागली. उत्तर येत होतं. शपथेवर सांगतो, येत होतं... आणि मी घाबरलो. खुर्ची मागे ढकलली, नकाशा चुरगाळला आणि ओरडलो, "बस! खेळ संपला!"

"दादा, एक शब्द बोलू दे त्याहीले! एकच!" ती माझा शर्ट धरून विनवत राहिली. मी ओठ घट्ट मिटून बसलो होतो.

विनोद म्हणतो, "तू कुठीतरी ऐकलं असन बे ते नाव, इसरून गेला असशीन." असेलही. कुठे, ते मला इतक्या वर्षांत आठवलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात वनिताच म्हणाली, "काढ ना दादा ती गुहा, एक डाव." मी आठवून आठवून काढली. तिने दहीभात ठेवला, या वेळी खरा, वाटीत. तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडं ठेवून बसलो. काही आलं नाही. तिच्या पांढऱ्या झालेल्या केसांकडे पाहताना वाटलं, आपणच उत्तर देऊन टाकावं. 'मी गेलो, रडून घे', एवढंच तर म्हणायचं. मी आवाज जरा खाली आणला आणि सुरू केलं, "स..."

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"तू नको, दादा."

त्या दुपारी माझ्या तोंडून कोण बोललं, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. हा तो नाही, हे मात्र तिला पहिल्या अक्षरातच कळलं.