मधे बसलेल्या बाईचं नाव

शत्रूने ठेवलेल्या नावाने कोणालाही छापू न देणारा माणूस मी ठाणे-कल्याण पट्ट्यात एकच पाहिला. ते आमच्या ठाण्याच्या दैनिकाचे मुख्य उपसंपादक. अख्खं ऑफिस त्यांना काका म्हणायचं. मी नवा असताना अमेरिकेतल्या गर्भपाताच्या वादाची बातमी भाषांतरित करताना गर्भपाताच्या विरोधकांसाठी 'जीवनवादी' असा शब्द लिहिला. काकांनी चष्मा वर केला. "म्हणजे पलीकडचे मरणवादी का रे?" मी घाईने पलीकडच्यांसाठी 'गर्भपातवादी' सुचवला. "ते काय सकाळी उठून प्रसाराला निघतात?" काकांचा नियम असा, की जो जे मागतो तेच त्याचं नाव, आणि ते त्याला वाचून दाखवायचं; तो चिडला नाही तरच छापायचं. अमेरिकेला फोन लावणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी मला बंदीवाला केलं, स्वतः हक्कवाले झाले आणि आम्ही एकमेकांना मथळा वाचून दाखवला. 'गर्भपातावर बंदी मागणारे' आणि 'गर्भपाताचा हक्क मागणारे' यांवर दोघेही चिडलो नाही. पान लावणारा मात्र चिडला. "काका, या मथळ्याला दोन पानं लागतील." काका म्हणाले, "मग जाहिरात काढ."

हाच कारभार ते डोंबिवलीच्या सोसायटीतही चालवत. सेक्रेटरीने फळ्यावर 'धर्मद्रोही सभासद' लिहिलं की काका ते पुसून 'गच्चीवर स्पीकर नको म्हणणारे सभासद' लिहीत आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्या सभासदांची संमती घेऊन येत. सेक्रेटरीने त्यांच्याशी बोलणं सोडलं, तेव्हा काकांनी त्यालाही नाव दिलं, 'सध्या न बोलणारे सेक्रेटरी', आणि दारात उभं राहून वाचून दाखवलं.

एका रविवारी मी त्यांच्या घरी होतो. दिवा स्टेशनजवळ राहणारी त्यांची पुतणी दहा महिन्यांच्या बाळाला घेऊन आली होती. तिला पुन्हा दिवस गेले होते आणि तिने गर्भपात करायचं ठरवलं होतं. सोबत तिची आई, म्हणजे काकांच्या वहिनी, आणि सासूबाई होत्या, भांडतच आलेल्या.

"भाऊ, जीव घ्यायला निघालीय तुमची पुतणी," सासूबाई म्हणाल्या.

"बघा भावोजी, कुठल्या जमान्यातली माणसं," काकांच्या वहिनी म्हणाल्या.

काका सरसावले. दोघींचेही शब्द त्यांनी शांतपणे बाद केले. विहीणबाईंचं नाव ठरलं 'गर्भपात करू नये म्हणणाऱ्या', आणि त्यांनी ते मान्यही केलं. मग काका पुतणीकडे वळले. "आणि तू, गर्भपाताचा हक्क मागणारी. चालेल?"

दोघींच्या मधे बसलेली पुतणी बाळाच्या तोंडातला रुमाल काढत होती. "काका, मी काही मागत नाहीये. उद्या सकाळी डॉक्टरांनी बोलावलंय. याला कोण सांभाळेल, एवढंच विचारायला आले होते. ते कोणी ऐकूनच घेत नाही."

सासूबाईंनी हात पुढे केले. "दे इकडे. मला पटलेलं नाही, पटणारही नाही. पण माझ्याकडे राहील तो."

दुसऱ्या दिवशी काका तिच्याबरोबर दवाखान्यात गेले.

आता ते निवृत्त आहेत आणि बहुतेक रविवारी दिव्याला जातात. तिथे पाण्याची बोंब, म्हणून घरून दोन कॅन भरून नेतात. विहीणबाई आणि ते पेपर वाचत जगातल्या सगळ्या गोष्टींवर भांडतात. त्या सकाळचा विषय दोघेही काढत नाहीत. पुतणी म्हणते, बाळ लहान असतानाच एकदा काकांनी काढला होता. तिचा हात हातात घेऊन ते तिच्यासाठी नाव शोधत राहिले, आणि मग बाळाची टोपी नीट केली.