तळेघरला आलेली कॉलेजची गाडी

मोहिनी गवारी तोंडानं फटकळ. तळेघरच्या वर डोंगराला बिलगून तिची वाडी, घरं असतील पंचवीस-तीस, आणि मोहिनीनं कधी ना कधी सुनावलं नाही अशी बाई त्यातल्या एकाही घरात सापडायची नाही. बाप गेणभाऊ म्हणायचा, "ह्या पोरीला देवानं जीभ दिली ती धार लावूनच दिली." पण त्याच जिभेच्या जोरावर तिनं वक्तृत्वाच्या दोन स्पर्धा मारल्या आणि हायवेलगत, पेठच्या अलीकडं असलेल्या कॉलेजात भूगोलाला प्रवेश घेतला. रोज जाऊन-येऊन करणं शक्यच नव्हतं. वाडीतून तळेघरपर्यंत तासभर पायी, आणि पहिली एस्टी तिथं येईस्तोवर कॉलेजातला पहिला तास उलटून गेलेला. म्हणून ती कॉलेजच्या होस्टेलवर राहिली. मुलींना जागा तिथं चोवीसच.

खोलीत तिच्यासोबत जास्मिन होती, जुन्नरच्या तालिबभाईंची मुलगी. तालिबभाईंचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ. लग्नाचे व्हिडिओ कापायचं, जोडायचं काम जास्मिन नववीत असल्यापासून करायची. दोघींचं पहिल्या आठवड्यापासूनच बिनसलं. खोलीत प्लग एकच होता. जास्मिनचा लॅपटॉप लागला की मोहिनीचा फोन बंद पडायचा, आणि मोहिनीनं फोन लावला की जास्मिनचं काम अडायचं. एकदा मोहिनीनं न विचारता लॅपटॉपची वायर उपटली. जास्मिनचं अर्ध्या दिवसाचं काम गेलं. दुसऱ्या दिवशी मोहिनीची बादली खोलीबाहेर, जिन्यात पडलेली सापडली. त्यानंतर दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलायच्या, तेही भिंतीकडं बघून.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा पोखरकर सरांनी दोघींना स्टाफरूममध्ये बोलावलं. प्रवेश घटत चालले होते. आर्ट्सला तर निम्मे बाक रिकामे. यंदाही वर्ग भरला नाही तर हंगामी शिक्षकांना घरी बसवू असं संस्थेनं कळवलं होतं, आणि त्या शिक्षकांतला एक सरांचा धाकटा भाऊ होता.

"विद्यार्थ्यांनी केलेला व्हिडिओ पाहिजे," सर म्हणाले. "बाहेरच्या माणसानं केलेलं लोकांना जाहिरात वाटते. मोहिनी, तू लिही आणि कॅमेऱ्यासमोर बोल. जास्मिन, शूटिंग आणि एडिटिंग तुझं."

"दुसरं कोणी नाय का?" जास्मिननं विचारलं.

"मीबी तेच म्हननार व्हते," मोहिनी म्हणाली.

दुसरं कोणी नव्हतं.

मोहिनीनं चार दिवस बसून वहीची सहा पानं लिहिली. लायब्ररी, मैदान, नकाशांची खोली, गॅदरिंग, सगळं त्यात आलं. सुरुवातीला तिनं घातलं होतं की एक मुलगी डोंगरावरून चालत उतरते, एस्टीची वाट बघते आणि उशिरा वर्गात पोचते, आणि सर तिला आत घेतात. सरांनी ते पान आडवी रेघ मारून काढून टाकलं.

"हे रडगाणं कशाला? एवढं चालावं लागतं म्हटल्यावर कोण आई-बाप पोरगी पाठवतील?"

"पन चालावं तर लागतंच ना, सर."

"पुढच्या वर्षी बस सुरू होणार आहे. संस्थेनं शब्द दिलाय. आपण बस दाखवू."

सर खोटारडे होते असं नाही. संस्थेच्या कुठल्याशा बैठकीत कुणीतरी बसचं बोललं होतं, आणि ते खरं होईल असं त्यांनी स्वतःला पटवून दिलं होतं. भावाची नोकरी टांगणीला लागली की माणसाला असल्या गोष्टी पटकन पटतात.

मार्च महिन्यातल्या एका सकाळी शाळेच्या सहलींना भाड्यानं जाणारी एक पिवळी बस तळेघरला आली. तिच्या अंगावर कॉलेजच्या नावाचा फ्लेक्स दोरीनं आवळून बांधला होता. खालच्या कोपऱ्यातून दुसऱ्याच कुठल्या शाळेचं नाव डोकावत होतं. ते फ्रेममध्ये येऊ नये म्हणून जास्मिन वाकून, गुडघे टेकून जागा शोधत होती. आजूबाजूला माणसं जमली. सखूबाई नाचणी दळायला घेऊन आली होती, तीही डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवून उभी राहिली. मोहिनीच्या वाडीतलीच बाई.

मोहिनीनं हसत बसमध्ये चढायचं, दारात वळायचं आणि म्हणायचं, "आता कॉलेज माझ्या दारात." एवढाच शॉट. पायरीवर पाय ठेवला आणि ती थांबली.

"सर, ही गाडी रोज येनार का?"

"अगं, आज शूटिंगपुरती आणलीय. पुढचं पुढं. चढ तू."

कॅमेरा चालू होता.

मोहिनी चढली. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा ऊन डोळ्यांवर आलं, दुसऱ्यांदा ओढणी दारात अडकली, तिसऱ्यांदा जमलं. स्कॉलरशिपच्या फॉर्मवर सरांची सही लागायची, होस्टेलची जागाही त्यांच्याच हातात, हे तर होतंच. पण मोहिनीनं पुढं स्वतःशी कबूल केलं की तेवढंच कारण नव्हतं. जास्मिननं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तिला तिसरा शॉट दाखवला तेव्हा स्वतःचा चेहरा तिला लई आवडला होता.

व्हिडिओ जुन्नरला तालिबभाईंच्या स्टुडिओत कापला. सर दिवसभर जास्मिनच्या मागं खुर्ची टाकून बसले. आवाज भरण्यासाठी मोहिनीही गेली होती. पुरं झालेलं बघितलं तेव्हा गाडीच्या शॉटवर मोठ्या अक्षरांत 'डोंगरी गावांसाठी मोफत बससेवा' असं आलं.

"हे मी लिहिलं न्हवतं," मोहिनी म्हणाली.

"मी सांगितलं घालायला," सर म्हणाले.

मोहिनी जास्मिनकडं वळली. "तुला कळत न्हाई का? गाडी न्हाई ते तुलाबी ठावं हाय. सांगितलं की घातलं?"

जास्मिननं माउसवरचा हात काढला नाही. "काय घालायचं ते सर ठरवतात. मी जोडते. आणि गाडीत मी नाय चढले."

ते मोहिनीला जिव्हारी लागलं.

मे महिन्यात व्हिडिओ घरोघरच्या फोनवर पोचला. गेणभाऊनं तो पिठाच्या गिरणीत, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, जिथं जाईल तिथं दाखवला. स्वतःला फोन धड चालवता यायचा नाही, तर दुसऱ्याच्या हातात देऊन म्हणायचा, "लाव जरा, आमची मोहिनी हाय त्यात." तळेघरच्या आसपासच्या सहा पोरा-पोरींनी त्या कॉलेजात नावं घातली. त्यातली एक संस्कृती, सखूबाईची मुलगी. तिला जवळच्या कॉलेजात जागा मिळाली होती. ती सोडून सखूबाईनं तिला इकडं घातलं, कारण गाडी दारात येणार होती.

कॉलेज उघडलं. गाडी आली नाही. ऑफिसात विचारलं तर सांगितलं, प्रस्ताव विचाराधीन आहे. होस्टेल भरलेलं. संस्कृती चालत तळेघरला यायची, एस्टी धरायची, पुढं दुसरी गाडी बदलायची आणि पोचायची तेव्हा वर्गातले दोन तास उलटून गेलेले असायचे. महिन्याभरात तिचं नाव हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत लागलं.

जुलैत भाताच्या आवणीसाठी, म्हणजे लावणीसाठी, मोहिनी घरी आली होती. रविवारी सकाळी सखूबाई दारात आली. पायांना चिखल तसाच. गेणभाऊ म्हणाला, "ये, बस." ती बसली नाही.

"बसाया न्हाई आले. तुज्या पोरीला इचाराया आले. गाडी कुटं हाय?"

"काकू, कॉलेजनं सांगितलं व्हतं..." मोहिनीनं सुरुवात केली.

"कॉलेजला मी वळखत न्हाई. मी तुला वळखते. या डोळ्यांनी बघितलं तुला गाडीत चढताना. हसत व्हतीस. कॉलेज माज्या दारात म्हनलीस. कुनाच्या दारात गं? माजी पोर अंधारात घर सोडती. ओढ्याला पानी चढलं की मागारी येती. तुला काय, तू हॉस्टेलात पंख्याखाली."

सखूबाई गेल्यावर मोहिनीनं बापाकडं बघितलं. गेणभाऊ जमिनीकडं बघत होता.

"गाडी न्हाई ते तुला तवाच ठावं व्हतं का?" त्यानं विचारलं.

"व्हतं."

"आन मी गावभर दाखवीत फिरलो." तो उठला, टोपी घातली आणि खाचराकडं गेला. दिवसभर बापलेक एकाच खाचरात रोपं लावत होते, तो एका टोकाला, ती दुसऱ्या.

सोमवारी ती पोखरकर सरांपुढं उभी राहिली. व्हिडिओ काढून टाका म्हणाली.

"वाक्य तुझ्या तोंडचं आहे, मोहिनी. जबरदस्ती कुणी केली होती?"

"तुमी म्हनला व्हता, शूटिंगपुरती."

"मी असं म्हणाल्याचं मला आठवत नाही." सरांनी हजेरीपट पुढं ओढला. "होस्टेलला जागा मागणाऱ्या मुलींची यादी मोठी आहे. तू अभ्यासाकडं लक्ष दे."

जास्मिन त्या आठवड्यात घरी होती. मोहिनीनं जुन्नर गाठलं. स्टुडिओत तालिबभाई पासपोर्टचे फोटो कापत होते. मोहिनीनं काय हवं ते सांगितलं, म्हणजे त्या सकाळचं न कापलेलं शूटिंग.

तालिबभाईंनी कात्री खाली ठेवली. "बेटा, गिऱ्हाईकाचा माल आम्ही दुसऱ्याला देत नाही. वीस वर्षं ह्या गावात ह्याच भरवशावर दुकान चाललंय." एवढं बोलून ते नमाजाला निघून गेले.

दोघी उरल्या. जास्मिन म्हणाली, "तू वायर उपटलीस तेव्हा माझ्या अब्बांना एका लग्नवाल्यानं दुकानात येऊन शिव्या घातल्या. तुला ते माहीत नसेल. तू विचारलंच नाहीस."

"मग बादली फेकलीस ना? फिटलं की."

"नाय फिटलं."

जास्मिननं खुर्ची वळवली, कॉम्प्युटरवर ते शूटिंग उघडलं आणि आवाज मोठा केला. पडद्यावर मोहिनी पायरीवर थांबली. तिचा प्रश्न आला. पाठोपाठ सरांचा आवाज, स्वच्छ. जास्मिन उठली आणि आतल्या खोलीत जाता जाता म्हणाली, "मी चहा टाकते. एकटीपुरता. मागं तू फोन धरलास तर ती चोरी आहे. मला कोणी विचारलं तर मी हेच सांगणार."

मोहिनीनं फोन धरला.

दुसऱ्या दिवशी ती तळेघरला, जिथं गाडी उभी राहिली होती तिथंच उभी राहिली. फोन एका दगडावर टेकवला आणि बोलली. एक मिनिटाचा व्हिडिओ. पहिलं वाक्य, "मी मोहिनी गेणभाऊ गवारी, मी तुमच्याशी खोटं बोलले." मग घरापासून इथवर किती चालावं लागतं, पहिली एस्टी कधी येते, ती चुकली तर काय होतं. शेवटी सरांच्या आवाजाचा तुकडा. तो तिनं ओबडधोबडच जोडला होता, मधे पडदा काळा व्हायचा. ज्या फोनांवर पहिला व्हिडिओ गेला होता त्याच फोनांवर हाही दोन दिवसांत पोचला.

पुढं जे व्हायचं ते झालं. कॉलेजनं चौकशी बसवली. जास्मिननं सांगितलं की क्लिप मोहिनीनं तिच्या नकळत चोरली. मोहिनीनंही ते नाकारलं नाही. होस्टेलची जागा काढून घेतली. माफीपत्र लिहून द्यायला सांगितलं, तर तिनं लिहिलं, "मी गाडीत चढले याबद्दल माफी मागते," आणि खाली सही केली. कारकुनानं ते घ्यावं की नाही हे प्राचार्यांना विचारायला तीन फेऱ्या मारल्या. सहा जणांचे आई-बाप एकदम ऑफिसात येऊन बसले तेव्हा संस्थेनं जुना व्हिडिओ काढला आणि ज्यांना जायचं त्यांचे दाखले परत दिले. संस्कृतीनं दाखला घेतला, पण तोवर दुसरीकडचे प्रवेश बंद झाले होते. तिचं वर्ष गेलं. पोखरकर सरांच्या भावाची नोकरीही गेली. सर व्हरांड्यात मोहिनी समोरून आली की वर्गात वळायचे.

वाडीत तर दोन्हीकडून मार. काही म्हणाले, खोटं बोलून पोरांना फसवलं. काही म्हणाले, फसवलं ते फसवलं, आता बोभाटा करून कॉलेजशी वाकडं कशाला घेतलं, पुढच्या पोरांना तिथं कोण उभं करील. गेणभाऊनं मात्र तिला मंचरला मावसबहिणीकडं पोचवलं आणि जाताना एवढंच म्हणाला, "आता पुरं कर वरीस." मावसबहिणीचा नवराही रोज टोमणे मारायचा. ते ऐकत मोहिनीनं तिसरं वर्ष पूर्ण केलं, पहिल्या वर्गात. निकालाच्या दिवशी जास्मिन व्हरांड्यात दिसली. दोघींनी यादीत एकमेकींचं नाव शोधलं आणि त्या आपापल्या वाटेनं गेल्या.

आता मोहिनी घोडेगावात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात कामाला आहे. जूनमध्ये दहावी-बारावीच्या पोरांची रांग लागते. डोंगरातले आई-बाप कॉलेजचं पत्रक पुढं करतात तेव्हा ती आधी त्या कॉलेजात स्वतः फोन लावते, गाडी आहे का, कुठून सुटते, किती वाजता, आणि पलीकडचा माणूस वैतागून फोन ठेवेपर्यंत विचारते. मालकाला ते आवडत नाही. दोनदा त्यानं ताकीद दिलीय.

यंदा सखूबाई संस्कृतीच्या प्रवेशाचे कागद घेऊन एकटीच आली. दुसरं दुकान बंद होतं, नाहीतर आली नसती. मोहिनीकडं न बघता तिनं ते काउंटरवर ठेवले. मोहिनीनं फॉर्म भरला आणि छापून दिला.

"वाच," सखूबाई म्हणाली.

मोहिनीनं नावापासून पत्त्यापर्यंत सगळं वाचून दाखवलं.

"परत वाच."

तिनं परत वाचलं. मग सखूबाईनं तो कागद तिच्या हातातून घेतला, रांगेतल्या मागच्या अनोळखी माणसाला दिला आणि म्हणाली, "भाऊ, तुमी वाचा बरं, काय लिवलंय."