पप्पांची कोलेस्टेरॉलची गोळी

“दादा, ती कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलीस ते झकास केलंस,” आत्या बाहेरच्या खोलीत म्हणाली. “दुधीचा रस पी. माझं बघ, कसं सुतासारखं सरळ आलं.”

मी स्वयंपाकघरात पापड भाजत होते. तो जळला. आईने आधी गॅस बंद केला, मग दार लोटलं. कारण पप्पांचं कोलेस्टेरॉल कधी वाढलेलंच नव्हतं.

साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये पितळ पॉलिश करण्यात पप्पांचं आयुष्य गेलं. आता त्यांची फुफ्फुसं घट्ट होत चालली आहेत. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते थांबतात आणि शेजाऱ्यांच्या चपला निरखत असल्याचं नाटक करतात. फुफ्फुसांसाठी स्टिरॉइड सुरू करण्याआधी रक्त तपासलं, तर त्यात हिपॅटायटिस बी निघाला. कुठून आला, देव जाणे. पप्पा दवाखान्याच्या आतल्या खोलीत मशीनच्या नळीत फुंकत होते तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला इंग्रजीत समजावलं: स्टिरॉइडमुळे शरीराचा पहारा ढिला पडतो, झोपलेला विषाणू उठतो आणि लिव्हरची वाट लावतो. म्हणून ही गोळी. रोज, उपाशीपोटी. आपल्या मनाने बंद करायची नाही.

हे मी घरी आईला मराठीत सांगितलं. आईने त्याचं आणखी सोपं मराठी केलं. “असल्या रोगाचं नाव काढलं की लोक नाही नाही ते विचारतात. कोलेस्टेरॉल म्हणायचं. तुझ्या पप्पांनापण तेच सांगायचं.”

आमच्या बिल्डिंगमध्ये कोलेस्टेरॉल हा फार प्रतिष्ठित आजार आहे. सेक्रेटरींना आहे. पप्पा खूश झाले. मीही कोलेस्टेरॉलच म्हणायला लागले. आमच्या घरात इंग्लिश मीडियमवालीने रिपोर्ट वाचायचे, मतं बाकीच्यांनी द्यायची. मला ते सोयीचंच पडतं.

दाराआडून पुढचं ऐकू आलं. नाक्यावरच्या फुकट शिबिरात पप्पांनी कोलेस्टेरॉल तपासून घेतलं होतं. नॉर्मल निघालं. मग गोळी कशाला? गेल्या महिन्यापासून बंद. स्टिरॉइड मात्र ते इमानदारीत घेत होते.

“आई, सांगायला हवं,” मी कुजबुजले.

“आत्या गेल्यावर.”

“ती रविवारपर्यंत आहे.”

“मग रविवारी.”

मी पप्पांचं ताट वाढून बाहेर नेलं. आत्याने स्वतःच्या ताटाची वाट न बघता माझ्या हातातल्या ताटातूनच पप्पांच्या भाकरीचा तुकडा मोडला, सुकटीत घोळवला आणि तोंडात टाकला.

“काय गं, असं तोंड का पाडलंयस?” ती भरल्या तोंडाने म्हणाली. “बाप बरा झालेला बघवत नाही?”

पप्पा हसले, हसता हसता खोकले आणि डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला. डोळ्यांतला पांढरा भाग मला पिवळट दिसला. ट्यूबलाइटमुळेही असेल. मागून आईने माझा कुर्ता ओढला. मी ताट टीपॉयवर ठेवलं.

“पप्पा, ती गोळी कोलेस्टेरॉलची नाहीये. तुम्हाला हिपॅटायटिस बी आहे, त्याची आहे ती. स्टिरॉइड चालू असताना ती बंद केली तर लिव्हर कामातून जाईल. मी आत्ता डॉक्टरांना फोन लावतेय. आणि आत्या, तू तो घास गिळ. एका ताटात जेवून हा होत नाही.”