टीचरनी न केलेली सही

टीचर वर्गात आल्या की आधी आम्हाला बसवत आणि स्वतः तासभर उभ्या राहत. आवाज कधी चढला नाही. शाळेत बाकी सगळ्या ‘बाई’; चर्चजवळ राहणाऱ्या, इतिहास शिकवणाऱ्या या एकट्याच ‘टीचर’.

गेल्या शतकातले दोन हुकूमशहा त्यांनी आम्हाला शेजारीशेजारी ठेवून शिकवले. जर्मनीचा मैदानं भरवायचा, भाषणाने माणसं भारून टाकायचा. कागदपत्रांचा त्याला कंटाळा, हाताखालच्यांना आपसात झुंजवायचा. रशियाचा सभेत थंड. तो मेजाशी बसून नेमणुका करायचा, नावांच्या याद्या वाचून सही करायचा. “जास्त भयंकर कोण?” टीचरनी विचारलं.

“ओरडणारा,” मी म्हटलं.

“दोघांनाही हुकूम पाळणारी माणसं लागली,” त्या म्हणाल्या. “ती तुमच्याआमच्यासारखीच होती. त्यांच्याबद्दल विचार करा.”

पुढे मी त्याच शाळेत शिकवायला लागले. एकदा आमच्या शाळेच्या, तोंडवली गावात राहणाऱ्या शिपायाने गावच्या सभेत सांगितलं की शाळेचं छप्पर गळतं. आठवड्याभरात संस्थेचे अध्यक्ष कागद घेऊन शाळेत आले : शिपाई कामावर पिऊन येतो. सगळ्यांनी सह्या केल्या. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, मीही केली. टीचरनी कागद दोनदा वाचला आणि पेनाला टोपण घातलं.

“मी त्यांना प्यालेलं कधी पाहिलं नाही. मग लिहू कसं?”

अध्यक्ष ओरडले नाहीत. “विचार करा, टीचर.”

“केला.”

शिपायाची नोकरी गेलीच. पुढे पोटासाठी तो गोव्यात रखवालदारीला लागला. जूनमध्ये टीचरची बदली संस्थेच्या दोडामार्गकडच्या शाळेत झाली. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्या तिथे भाड्याच्या खोलीत राहिल्या.

त्या निघण्याआधी मी घरी गेले. रडतच म्हटलं, “टीचर, माका भय वाटलां.”

वर्गात शुद्ध बोलणाऱ्या टीचर घरी मालवणीत बोलत. “माकाय वाटलां गो.” मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, “आता शिपायाच्या घराकडे जा. सांग तेका, खोटां लिवलंय म्हणान.”

मी हो म्हटलं आणि गेले नाही. पुढे नोकरी कायम झाली, वर्षं गेली. तोच धडा मी मुलांना शिकवायची, तेव्हा टीचरचा प्रश्न मात्र विचारायची नाही.

यंदा टीचर गेल्या. मातीला मूठभर माणसं होतो. दफनभूमीतून मी घरी न वळता थेट तोंडवली गाठली. शिपाई म्हातारा होऊन गोव्याहून परतला होता, पडवीत जाळं सोडवत बसला होता. उभ्या उभ्याच मी सगळं सांगितलं.

त्याने जाळं बाजूला ठेवलं.

“येवा बाई, बसा. टीचर दोडामार्गाक जाताना सांगान गेलेली, एक जण येतली म्हणान. खूप वर्सां लावलात.”