घड्याळाचा पॅच आणि म्हात्रे दादा

परवा ऑफिसात सॉफ्टवेअरचा बिल्ड असा अडकला की फक्त रडायचंच बाकी होतं...

तुर्भ्याला आमचं छोटं ऑफिस आहे. थंड कंटेनरमधलं तापमान नोंदवणारा एक डबा आम्ही बनवतो, त्याच्या आत बाजारात मिळणाऱ्या एका छोट्या कॉम्प्युटर-बोर्डवर लिनक्स ही सिस्टीम चालते. दुसऱ्या दिवशी जासईच्या यार्डात त्याचं नवीन व्हर्जन टाकायचं होतं... औषधांचे कंटेनर यायचे होते, त्यामुळे तारीख पुढे ढकलणं शक्यच नव्हतं.

हे लिनक्स ज्या कॉन्फिगरेशन फाइल्सवरून तयार होतं, म्हणजे बिल्ड होतं, त्या जगभरातले लोक मिळून सांभाळतात. त्यांच्या फाइलला थेट हात लावायचा नाही, आपले बदल आपल्या वेगळ्या फोल्डरमध्ये पॅच म्हणून ठेवायचे, हे मला म्हात्रे दादांनी शिकवलं. दादा आमचे सीनियर, मूळ जासईचेच. आता रिटायर झालेत.

माझा सगळ्यात लाडका पॅच घड्याळाचा! लाइट जाऊन आली की आमचा डबा थेट १९७० साल दाखवायचा. मग औषधं नक्की कधी गरम झाली ते कळणार कसं? घड्याळ चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, उशिरा लोड होत होता. खूप शोधाशोध करून मी एक ओळ बदलली आणि ते सुटलं.

नेमका तोच पॅच आता लागेना. मूळ फाइलची नवीन आवृत्ती घेतली होती, आणि बिल्ड दर वेळी तिथेच येऊन थांबत होता... फाइल उघडून बघितली तर माझी ओळ तिथे आधीच हजर. जशीच्या तशी! मग तोच बदल दुसऱ्यांदा लागणार कसा?

वाटलं, मीच चुकून मूळ फाइलमध्ये काहीतरी केलं. सगळं पुसून पुन्हा डाउनलोड केलं, तरी तेच. शेवटी दादांना फोन लावला.

"दादा, माझा घड्याळाचा बदल मूळ फाइलमध्ये कसा काय आला?"

ते हसायलाच लागले. ऑफिसात अगदी शुद्ध बोलायचे, पण रिटायर झाल्यापासून घरच्या बोलीतच असतात. "आला का? मीच धाडला व्हता त्यांना. बरेच दिस कोनी काय बोलला नाय, मना वाटला इसरले."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"घेतील का नाय, म्हाईत नव्हता. उगाच तुला आशा कशाला लावू? आन नीट बघ गो, शोधनारीचा नाव तुजाच हाय."

बघितलं... बदलाच्या माहितीत खरंच माझं नाव होतं. आणि स्पेलिंग बरोबर, जे आमच्या सोसायटीलाही अजून जमलेलं नाही!

"आता तुजा पॅच कारून टाक. लगेच व्हईल बिल्ड."

स्वतःची फाइल डिलीट करताना इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. बिल्ड झाला.

दुसऱ्या दिवशी यार्डात डब्याची लाइट मुद्दाम घालवली आणि पुन्हा दिली. सुपरवायझर पाटील स्क्रीनवर वाकून बघत होते. "टाइम बरोबर हाय, मॅडम," ते म्हणाले आणि माझ्या जिवात जीव आला.

तिथून सरळ दादांच्या घरी गेले. काकूंनी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. मी थँक्यू म्हणायला तोंड उघडलं, तर दादा म्हणाले, "जेव आधी."

म्हणून इथे म्हणते... दादा, आता आपल्या डब्यातला तो बोर्ड जगात कुणीही घेतला तरी त्याचं घड्याळ बरोबर चालेल. माझी एवढीशी ओळ इतक्या लांब पोचवलीत. थँक्यू!