गौराबाईनं लिहून दिलं

माघाचं धुकं अजून ताडकळसच्या शिवारावरून उठलं नव्हतं. तूर दहिवरातच कापावी लागते. ऊन चढलं की शेंगा तडकतात. म्हणून अडुसष्ट वर्षांच्या गौराबाई पहाटेपासून विळा चालवत होत्या. चार ओळी आडव्या पाडल्या, हात धुतले आणि पूर्णेला वकिलाकडं निघाल्या. सोबत लेक राजशेखर, सून शिवानी आणि साक्षीला शेजारचे दत्तराव-मालनबाई.

तीन वर्षांमागं त्यांचे मालक, बसवंतराव, दवाखान्यात अठरा दिवस मशीनवर होते. पहिल्याच दिवशी नर्सनं त्यांच्या गळ्यात जन्मापासून असलेलं, लिंगायतांचं इष्टलिंग काढून राजशेखरच्या हाती दिलं. त्या धांदलीत त्यानं कुठं ठेवलं, त्यालाच आठवेना. मालक गेले. समाधीत बसवून पुरताना डाव्या तळहातावर लिंग लागतं. माणसं खड्ड्याभोवती ताटकळली अन् हा घरात पिशव्या उलथत होता.

तवापासून गौराबाईचं ठरलेलं. वकिलानं कागद वाचला, "बरं होण्याची आशा नसल्यास मशीन लावू नये, घशात नळी घालू नये. गळ्यातलं लिंग काढू नये." मग विचारलं, "तुमची शुद्ध गेल्यावर तुमच्या वतीनं बोलणार कोण? इथं राजशेखर लिहिलंय."

"मी न्हाई सही करणार," राजशेखर म्हणाला. "लोकं म्हणतील, लेकानंच मायला मारलं."

"मग खोडा त्याचं. शिवानीचं लिवा."

शिवानी दचकली. "आत्याबाई, मी?"

"तूच. तू माज्याशी चार चार दिवस बोलत न्हाईस, पर दिलेला शब्द मोडत न्हाईस. हा आधी रडतो, मग मोडतो."

वकिलानं चष्म्यावरून पाहिलं. "बाई, कुणी दबाव तर टाकला न्हाई ना?"

"टाकलाय की! यानंच. लिवू नको म्हणून."

दत्तरावांना हसू आवरेना. राजशेखर मात्र लिंगाच्या त्या ओळीवर बोट ठेवून बसला होता. मग म्हणाला, "माजं बी ऱ्हाऊ द्या, साहेब. शिवानीच्या खाली."

गौराबाईनं ठळक, गोल अक्षरात सही केली.

दुपारी बसस्टँडवर राजशेखर ओळखीच्या प्रत्येकाला अडवून सांगत होता, "मायनं सोताच्या डोक्यानं लिवून दिलं. साक्षीदारासमोर! आपल्या गावात हाय का कुणाची माय अशी?"

गौराबाई तोवर घरी पोचून ज्वारीचं पीठ चाळायला बसल्या होत्या.